अठरा आडाळ्यांची धार

शासनदप्तरी मी हल्लेखोर आहे. एकाच दुपारी सतरा महिलांना धारदार वस्तूने जखमी केलेला इसम, वय एकसष्ट, सेवानिवृत्त भूकरमापक. नोंद ऑनलाइन असल्यामुळे ती खोडता येत नाही. कागदावर असती तर साहेबांची सही घेऊन, बाजूला 'दुरुस्त केले' लिहून निभावलं असतं. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केल्यावर एवढं कळतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पत्रव्यवहार चालू आहे. मालवणपासून बारा किलोमीटर, समुद्राच्या अंगाला, एवढ्यावर भागवून घ्या.

सुरुवात टोमॅटोनं झाली.

जानेवारीतली सकाळ. मी पडवीत पेपर वाचत होतो आणि आतून लीलाची हाक आली, "अवो, जरा हय येवा." लीला म्हणजे माझी बायको. हाकेत राग नव्हता, म्हणून मी घाबरलो. ती आडाळ्यावर बसली होती. आडाळा म्हणजे देशावर ज्याला विळी म्हणतात ती. लाकडी पाट, त्याला उभं वाकडं पातं, टोकाला नारळ खवायची खवणी. तिनं टोमॅटो पात्याला लावला आणि दाबला. टोमॅटो आधी वाकला, मग चपटा झाला, आणि शेवटी एका बाजूनं फुटून त्याच्या बिया माझ्या चष्म्यावर आल्या.

"ह्यो टोमॅटो चिरूचो की चेचूचो, तां सांगा," ती म्हणाली.

पूर्वी गावात सायकलवर चाक बसवलेला धारवाला यायचा. तो यायचा का बंद झाला, हे विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं त्यानं हॉटेल काढलं, कुणी म्हणतं त्याची सायकल चोरीला गेली, आणि चोर अजून गावोगाव धार लावत फिरतोय. काही असो, सात-आठ वर्षांत आमच्या वाडीत एकाही पात्याला धार लागलेली नव्हती. बायका जोरावर चिरत होत्या. कांद्याला जोर, भेंडीला जोर. आमच्या वाडीतल्या बायकांचे दंड बघितलेत तर तुम्हाला पटेल.

मी पुण्याला पुष्करला फोन केला. आमचा मुलगा. त्यानं चार दिवसांत धारेचा दगड पाठवला. एक बाजू खरखरीत, दुसरी गुळगुळीत. सोबत एका व्हिडिओचा पत्ता. व्हिडिओतला माणूस फार शांत होता. तो म्हणत होता की धार म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कोन आहे. पात्याचा आणि दगडाचा कोन अठरा अंश ठेवा आणि हात स्थिर ठेवा.

कोन. हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. उभं आयुष्य मी कोनच मोजले होते. माझ्या धंद्याची गंमत अशी की मोजणीला गेलेल्या माणसाला दोन्ही बाजूचे लोक चहा देतात, आणि मोजणी झाली की दोन्ही बाजूचे लोक शिव्या देतात. चौतीस वर्षांत माझ्या कामावर खूश झालेला एकही माणूस मी पाहिला नाही. ज्याचा बांध पुढे सरकतो तोही म्हणतो, आणखी सरकायला हवा होता. आता मात्र असा कोन माझ्या हाती आला होता ज्यावर कुणाची हरकत येण्याचा संभव नव्हता. निदान मला तसं वाटलं.

दगड पाण्यात अर्धा तास भिजवायचा असतो. मी बादलीत तो बुडवून, घड्याळ लावून शेजारी बसलो. तेवढ्यात सिराज आला. सिराज माझा पहिलीपासूनचा दोस्त, बाजारात मासळीचा व्यापार. त्यानं बादलीत डोकावून पाहिलं.

"दगड कित्या भिजत घातलंस? उसळ करतलंस काय?"

मी त्याला शास्त्र समजावलं. तो म्हणाला, पाणी नको, रॉकेल घाल. मागून भिकाजी आला. तो सिराजला म्हणाला, रॉकेल नको, खोबरेल. भिकाजी आमचा पलीकडचा शेजारी आणि शाळा समितीचा अध्यक्ष. बावीस वर्षांपूर्वी मी केलेल्या मोजणीत त्याच्या कुंपणाचा दीड हात गेला, आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो ते फक्त त्या दीड हाताबद्दल. मी पुष्करच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढला तेव्हा भिकाजी म्हणाला, "माझ्या हद्दीक लावलेलंस तोच काय रे ह्यो?"

मी दुर्लक्ष केलं. अपमान गिळायची मला सरकारी सवय आहे.

साध्या सुरीला धार लावणं सोपं. सुरी दगडावर फिरते. पण आडाळ्याचं पातं पाटाला ठोकलेलं. तिथं दगडच पात्यावर फिरवावा लागतो. पातं वाकडं, त्यामुळे कोन दर बोटाला बदलतो. तो अठरावर राहावा म्हणून मी पाटाच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकून, पोटावर पालथा झोपून, एक डोळा मिटून, नाकासमोर कोनमापक धरून दगड फिरवू लागलो. या अवस्थेत मला वाडीतल्या सुमारे चाळीस लोकांनी पाहिलं. दोघांनी लीलाला विचारलं, भाऊंचं पाठीचं दुखणं पुन्हा उठलं का. तिनं सांगितलं, पाठीचं नाही, वरचं.

पण तिसऱ्या दिवशी जमलं. मी वर्तमानपत्राचा कागद पात्यावर सोडला. कागद नुसता सोडला, ओढला नाही. त्याचे दोन तुकडे होऊन दोन दिशांना गेले. मी दुसरा सोडला. तिसरा सोडला. त्या दिवसाचा अख्खा पेपर मी वाचायच्या आधी चिरून टाकला. मग डाव्या हातावरचे केस काढून पाहिले. तो हात अजून उजव्याच्या मानानं तरुण दिसतो.

पहिलं बाहेरचं काम सिराजचं. त्याच्या मोठ्या सुरीला धार लावून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तो बाजारातून थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरू, सुरी सुरमयतून गेली ती खालच्या लाकडात रुतली. माका कळलाच नाय सुरमय खंय संपली."

हे वाक्य मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

फेब्रुवारीत आमच्या शाळेचा अमृतमहोत्सव होता. पंच्याहत्तर वर्षं. शिक्षणाधिकारी येणार, माजी विद्यार्थी मुंबईहून येणार, चारशे माणसांचं जेवण. जेवणाच्या समितीची प्रमुख लीला. वरण-भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, लाल भोपळा, सुरणाची भाजी, खीर. आमच्याकडे रीत अशी की आदल्या दुपारी वाडीतल्या बायका आपापला आडाळा घेऊन जमतात आणि सगळी भाजी चिरून ठेवतात. तीस किलो सुरण आणि तेवढाच भोपळा म्हणजे गंमत नाही.

समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जाहीर केलं की सर्वांचे आडाळे समारंभाच्या आधी मोफत धार लावून मिळतील. खाली अठरा अंशांबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. पण आडाळे आले. लीलाचा धरून अठरा. मी प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि गट नंबर दिला, आकारफोड करावी तशी कुणाचा कुठला याची यादी करून ठेवली. चार दिवस माझ्या पडवीत भूमी अभिलेख कार्यालय भरलं होतं, फरक इतकाच की येणारा माणूस हसत यायचा. बायका आडाळा ठेवून म्हणायच्या, "भाऊ, तुमचे उपकार." उपकार. मला. रात्री जेवताना मी लीलाला हे सांगायचो. ती म्हणायची, "जेवा आता." तिच्या डाव्या अंगठ्याला त्या दिवसांत फडकं बांधलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, तव्याचा चटका बसला. मी पुन्हा अठरा अंशांकडे वळलो.

आडाळा दिला नाही तो एकटीनं, बिबीजानमावशीनं. सिराजची आई. वय अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, मत स्वतःचं. मी स्वतः आडाळा मागायला गेलो, तर तिनं चहाचा कप पालथा घातला आणि त्याच्या खरखरीत बुडावर सुरी चारदा फिरवून दाखवली.

"माझ्या आडाळ्याक माझी सवय आसा, झिला," ती म्हणाली. "तेका उगाच शाळेत घालू नको."

मला तिची कीव आली. ही गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगतोय.

शनिवारी दुपारी अडीच वाजता शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या. सतरा जणी माझ्या धारेवर, बिबीजानमावशी आपल्या धारेवर. लीला उभी राहून देखरेख करत होती. मी मुद्दाम खुर्ची टाकून समोर बसलो होतो. चहा मागवला होता. इतक्या माणसांना एकाच वेळी माझ्या कामाचा उपयोग होताना पाहायचं होतं मला.

पहिला भोपळा भिकाजीच्या बायकोनं घेतला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि सात-आठ वर्षांच्या सवयीनं पात्यावर अंगाचा सगळा भार टाकला. भोपळ्यानं काही विरोधच केला नाही. तो असा दुभंगला की जणू वाटच पाहत होता. भार मात्र निघालेला होता, त्याला थांबायला जागा नव्हती.

"आये गे," ती म्हणाली, आणि बोट तोंडात घातलं.

तिच्या शेजारणीनं काय झालं म्हणून वळून पाहिलं. वळून पाहणं हाच घात झाला. तिचा हात चालूच होता. तिच्या तोंडून "अगो बाय" निघालं, त्यामुळे पुढच्या दोघींनी वळून पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहायला मागची रांग वळली. शेतात दांडातून पाणी सोडावं आणि ते एकेका वाफ्यात शिरत जावं, तसं ते 'आये गे' व्हरांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. मी चहाचा पहिला घोट घेतला होता. तो गिळेपर्यंत सोळा जणी संपल्या होत्या. सतरावी शहाणी. तिनं आडाळा सोडला, उठून उभी राहिली, म्हणाली, "माका काय झाला नाय," आणि आडाळा बाजूला सरकवताना पात्याला धरून सरकवला.

मध्यभागी बिबीजानमावशी आपली फोड सावकाश चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"शिकलेली धार," ती स्वतःशीच म्हणाली.

आरोग्य उपकेंद्र शाळेच्या समोरच आहे. तिथल्या अनुजा सिस्टर फोंडाघाटच्या, वयानं लहान पण कामाला चोख. सतरा बायका बोटं वर करून रस्ता ओलांडताना पाहून त्यांना आधी वाटलं, कसली तरी शपथ घेऊन येताहेत. पट्ट्या झाल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली. शेवटच्या तिघींसाठी साठा संपला आणि सिराजला गाडी घेऊन प्राथमिक केंद्रात पाठवावं लागलं. चौघींना टाके पडले, तेही तिकडचेच डॉक्टर येऊन घालून गेले. जखमा खोल नव्हत्या, स्वच्छ होत्या. "इतकी सरळ कापलेली जखम मी कॉलेजनंतर पाहिली नाही," डॉक्टर म्हणाले. भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी मला किंचित बरं वाटलं. ते मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग नोंद करायची वेळ आली. सिस्टरांनी टॅब काढला. एकाच ठिकाणचे पाचाहून जास्त रुग्ण एका दिवशी आले की तालुक्याला कळवावंच लागतं.

"काका, कारण निवडायचंय," त्या म्हणाल्या. "सर्पदंश, श्वानदंश, विषबाधा, रस्ता अपघात, धारदार वस्तूने इजा आणि इतर."

"इतर करा," मी सुचवलं.

"इतर एका दिवसात पाचच घेतं. बारा उरतात. आणि पाच एका कारणानं, बारा दुसऱ्या कारणानं, असं केलं तर वरून विचारतील."

म्हणून सगळ्या सतरा धारदार वस्तूत गेल्या. ते निवडल्याबरोबर खाली नवा रकाना उघडला: हल्लेखोराचं नाव. त्याच्यापुढे लाल चांदणी. चांदणी म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"'कुणी नाही' लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहून पाहिलं. टॅबनं विचारलं, कुणी नाही यांचं वय किती.

बाहेर सतरा जणी ताटकळत होत्या. व्हरांड्यात साठ किलो भाजी पडून होती. सिस्टर अवघडून माझ्याकडे पाहत होत्या. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की रकाना रिकामा ठेवू नये. "माझं घाला," मी म्हणालो. मग हल्लेखोराचा जखमीशी संबंध विचारला गेला. सतरा वेळा 'शेजारी' लिहिलं.

मागची एक नोंद जुळते का, हे पाहायला त्यांनी कागदी रजिस्टर उघडलं, आणि मला उलटी अक्षरं सरळ वाचता येतात, नकाशांमुळे. मंगळवारच्या पानावर होतं: लीला गुरुप्रसाद पाटकर, अंगठा, दोन टाके. कारण: स्वतःचा निष्काळजीपणा.

"ही कधी आली होती?" मी विचारलं.

सिस्टरांनी रजिस्टर मिटलं. "त्यांनी सांगितलंय तुम्हाला सांगू नका म्हणून. म्हणाल्या, पहिल्यांदाच इतके खूश आहेत, आडाळ्याचं नाव नको."

मी बाहेर आलो. लीला व्हरांड्यात भोपळ्यांच्या राशीपुढे उभी होती. चार दिवस मी तिला बायकांचे आभार वाचून दाखवत होतो, आणि ती अंगठा पदराआड धरून "जेवा आता" म्हणत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "तवो खंय आसा तो? चटको देणारो?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "ता मागसून," ती म्हणाली. "आधी ही भाजी कोण चिरतला ता सांगा. उद्या चारशे माणसा येतली."

बाकीच्या वाड्यांत निरोप पाठवला. बातमी निरोपाच्या आधी पोचली होती. उत्तर आलं, जेवायला नक्की येऊ, चिरायला बोलावू नका. कुणीतरी म्हणालं भाजी रद्द करा. लीलाचा चेहरा उतरला. पंच्याहत्तर वर्षांच्या शाळेचं जेवण वरणभातावर उरकलं तर ते पुढची पंच्याहत्तर वर्षं पाटकरांच्या नावावर राहिलं असतं, आणि यावेळी त्यात ऑनलाइनची काही गरज नव्हती.

"आमी चिरतलंव," मी म्हणालो.

आमी म्हणजे कोण, ते मी बोलल्यानंतर ठरवलं. सिराज, भिकाजी, मी आणि मंडप घालायला आलेले नऊ जण. बारा पुरुष. यांच्यातल्या नऊ जणांनी आयुष्यात कलिंगडापलीकडे काही चिरलेलं नव्हतं. पण मला एक गोष्ट लक्षात आली होती. बायकांची बोटं धारेमुळे कापली गेली नव्हती, जोराच्या सवयीमुळे कापली गेली होती. आणि या बारा जणांना कसलीच सवय नव्हती.

मी त्यांना आडाळ्यांवर बसवलं आणि समजावलं: दाबू नका, भाजी नुसती पुढे न्या, पातं आपलं काम करील. एरवी माझं न ऐकणारी ही माणसं त्या दिवशी भीतीनं ऐकत होती. भिकाजीनं पहिला तुकडा असा चिरला की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून चादर काढतोय. सहा वाजेपर्यंत सगळा भोपळा आणि सगळा सुरण चिरून झाला. एकाचंही बोट कापलं नाही. सतरा अधिक एक जखमी बायका समोर खुर्च्यांवर, पट्टीची बोटं मांडीवर ठेवून ओळीनं बसल्या होत्या आणि आमच्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

बिबीजानमावशी मधे नमाजाला घरी गेली होती. ती परत आली, तिनं सुरणाची रास पाहिली, आमचे हात पाहिले.

"हाताक तेल लावल्यात मां?" तिनं विचारलं.

सुरण खाजरा असतो, हे मला अर्थातच माहीत होतं. खाताना. चिरताना तो हातांना लागतो, त्यासाठी आधी खोबरेल नि आमसुलाचं पाणी चोळायचं असतं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. सिराजनं नुकतंच मनगट खाजवलं होतं. ते पाहून मीही खाजवलं. मग सगळ्यांनीच सुरुवात केली, आणि भिकाजीनं त्या हातांनी मान खाजवायची चूक केली.

मी लीलाकडे वळलो. "अठरा जणी बसलेल्यास समोर. एकीन तरी सांगूचा."

"आमका वाटला तुमका म्हायत असतला," लीला म्हणाली. "तुमका सगळाच म्हायत आसता म्हणान." मागून सतरा पट्ट्या तोंडावर गेल्या. पट्टीच्या हातानं हसू दाबता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

अनुजा सिस्टरांनी बारा जणांना मलम दिलं आणि पुन्हा टॅब काढला. एका दिवसात, एकाच आवारात, दुसरी साथ. मी तिथं थांबलो नाही.

रविवारी समारंभ थाटात झाला. शिक्षणाधिकाऱ्यांचं भाषण चालू असताना तालुक्याची जीप आली. आरोग्य अधिकारी आणि सोबत एक हवालदार. त्यांच्या हातात कागद होता, आणि कागदावर सतरा महिला, एक इसम. जेवणं सुरू झाली होती. मी खीर वाढत होतो; म्हणजे एका हातानं वाढत होतो आणि दुसऱ्यानं तो हात खाजवत होतो.

"गुरुप्रसाद पाटकर कोण?" हवालदारानं विचारलं.

मी पळी घेऊन पुढे गेलो. चौतीस वर्षांत मला जे कधी वाटलं नव्हतं ते त्या क्षणी वाटलं, की आता धोतर आवरून पळावं. मी पँट घातली होती, तो प्रश्न वेगळा. सतरा बायकांचे जबाब घ्यावे लागतील, असं अधिकारी म्हणाले. पण त्याआधी गावातल्या जबाबदार माणसाचं म्हणणं हवं. समिती अध्यक्ष कोण?

भिकाजी उठला. मान लाल, हात लाल. बावीस वर्षं तो ज्या संधीची वाट पाहत होता ती पानात वाढून समोर आली होती. शिक्षणाधिकारी बघत होते, मुंबईकर बघत होते.

"ह्या इसमाला तुम्ही ओळखता?" हवालदार म्हणाला.

"वळाखतंय," भिकाजी म्हणाला. "माझो दीड हात खाल्ल्यान ह्येणा."

हवालदारानं पेन काढलं. "हात? कुणाचा?"

"जमनीचो. मोजणीत." भिकाजीनं मान खाजवली. "सायेब, ह्या माणसाची मोजणी कधी बरोबर येवक नाय. साकव मोजल्यान तो वाकडो, माझो बांध मोजल्यान तो वाकडो. आयुष्यात पयल्यांदा एक काम सरळ केल्यान, धार लावल्यान. ती एकदम बरोबर लागली, माझ्या बायलेचा बोट बघा. आणि तुमी नेमको तेच्यावरच गुन्हो नोंदवतास?"

कुणीतरी हसलं. मग व्हरांडाभर हसू पसरलं, आदल्या दिवशीच्या 'आये गे'च्याच वाटेनं. भिकाजीची बायको पट्टीचं बोट वर करून म्हणाली, "माझी तक्रार नाय. सुरण वाढा." अधिकाऱ्यांनी कागदाची घडी केली आणि हवालदाराला घेऊन पंगतीला बसले. भाजी दोनदा मागून घेतली. निघताना मला लेखी लिहून द्यायला सांगितलं की मी हल्लेखोर नाही. ते मी दिलं आहे, त्यावर शेरा यायचा आहे.

भिकाजीचे आभार मानायला मी संध्याकाळी कुंपणापाशी गेलो. तो म्हणाला, "आभार ऱ्हवंदे. फेरमोजणी कर." मी निवृत्त आहे, असं सांगितलं. तो आत गेला.

खरा परिणाम पुढेच होता. पट्टी ओली करायची नाही, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे वाडीतल्या अठरा घरांत चिरणं, धुणं, खवणं, मासळी साफ करणं हे सगळं पुरुषांवर आलं. सकाळी नवाच्या सुमारास वाडीतून चालत गेलात तर प्रत्येक मागीलदारी एक पुरुष आडाळ्यावर बसलेला दिसायचा, आणि पायरीवर त्याची बायको, हातात चहा. आम्ही एकमेकांना विचारायला लागलो होतो, कोबी किती बारीक, बांगड्याचं डोकं ठेवायचं की काढायचं. भिकाजीनं एकदा कुंपणावरून मला फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, कशी सोलतात ते विचारलं. दीड हाताव्यतिरिक्त तो माझ्याशी बोलला, ते हे पहिलंच.

आठव्या दिवशी टाके काढले, हे मला अनुजा सिस्टरांनीच सांगितलं. सगळ्यांची बोटं उत्तम भरून आलीत, म्हणाल्या. पण दहाव्या दिवशी पट्ट्या होत्या. पंधराव्या दिवशीही होत्या. मी सिस्टरांना विचारलं, तर त्या रजिस्टरात डोकं घालून म्हणाल्या, काका, प्रत्येकीची प्रकृती वेगळी असते.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी आडाळ्यावर बसलो होतो, टोमॅटो चिरत होतो. लीला समोर पाय पसरून पेपर वाचत होती. तिनं पान उलटलं तेव्हा माझं लक्ष गेलं. पट्टी स्वच्छ होती, नवी होती, नीट गाठ मारलेली होती, आणि डाव्या अंगठ्यावरून उजव्या तर्जनीवर गेली होती.

मी थोडा वेळ त्या पट्टीकडे पाहिलं. ती पेपराआडून माझ्याकडे पाहत होती.

"पोह्यांक कांदो बारीक की उभो?" मी विचारलं.

"बारीक," ती म्हणाली. "आणि दाबू नकात हां."